सहाव्या महिन्यात कळलेली शुगर तिसऱ्या महिन्यात कळली असती का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी चुलत वहिनी जांबोटीकडून पहिल्या गाडीनं बेळगावात आली, सहावा महिना चालू होता, आशाताईनं सांगितलेलं की ग्लुकोजच्या पाण्याची दुसरी टेस्ट राहिलीय ती करून घ्या, आणि नणंद लॅबमध्येच कामाला आहे म्हटल्यावर वहिनी दुसरीकडं कुठं न जाता सरळ माझ्यासमोर येऊन बसली. ७५ ग्रॅम ग्लुकोज, ३०० मिली पाणी, नाक मुरडत का होईना पण पाच-सात मिनिटांत संपवलं, दोन तास बाकावर बसून राहिली, मग मी रक्त घेतलं. आकडा आला १६८. आपल्याकडच्या सरकारी नियमानं दोन तासांनी १४० किंवा त्याच्या वर गेलं की ती गरोदरपणातली शुगर.

"वन्सं, तिसऱ्या महिन्यात हेच पाणी प्यालो होतो की. हे बघा, ताई कार्डावर लिवलंय, ११२. तवा नव्हती, आन आता कुठनं आली? आणि येणारच होती तर तवाच का न्हाई कळलं?"

(ताई कार्ड म्हणजे कर्नाटकात गरोदर बाईला मिळतं ते कार्ड. कन्नडमध्ये ताई म्हणजे आई, आमच्याकडं निम्मे लोक ते बहिणीचं कार्ड समजून वापरतात, चाललंय.)

संध्याकाळी मोठ्या काकूचा, म्हणजे वहिनीच्या सासूचा, फोन आला. "आमच्यात कुणाला शुगर न्हाई गे, तिच्या माहेरनं आली असणार." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

वहिनीचा प्रश्न मात्र एकदम बरोबर होता. जगभरातल्या लॅबमध्ये गेली पंधराएक वर्षं लोक हाच प्रश्न घेऊन बसलेत, आणि त्यातले बरेच जण ज्याच्या मागं लागलेत त्याचं नाव मायक्रोआरएनए. मी संशोधक नाही, रक्त काढणारी आणि मशिनवर लावणारी बाई आहे, पण ह्या विषयातली खरी गंमत आणि खरी गोची दोन्ही रक्ताच्या ट्यूबमध्येच आहे, त्यामुळं मला ते जरा जवळचं वाटतं.

आधी ही शुगर येते कुठून ते बघू. करणारी असते वार. तीच, जी बाळंतपणानंतर बाहेर पडते आणि गावाकडं परसात पुरतात. नऊ महिने ती नुसती पडून नसते, स्वतः हार्मोन बनवते, प्लासेंटल लॅक्टोजेन, प्रोजेस्टेरॉन, ग्रोथ हार्मोनचा तिचा स्वतःचा एक वेगळा प्रकार, आणि ह्या सगळ्यांमुळं आईच्या अंगात इन्सुलिनचा जोर चालेनासा होतो. हे बिघाड म्हणून नाही तर सोय म्हणून, कारण आईच्या स्नायूंनीच साखर पटापट उचलली तर बाळाच्या वाट्याला काय येणार. वार जशी वाढते तसा हा दाब वाढत जातो आणि पाचव्या महिन्यानंतर चांगलाच जाणवायला लागतो. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन काढून निभावून नेतं. ज्यांचं तेवढं जमत नाही त्यांची शुगर चढते. म्हणून टेस्ट २४ ते २८ आठवड्यांत करतात, आणि म्हणूनच वहिनीचं तिसऱ्या महिन्यातलं ११२ खोटं नव्हतं, तेव्हा ती खरंच नव्हती.

शुगर चढली की काय होतं, तर साखर वारेतून बाळाकडं जाते पण आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळाचं इवलंसं स्वादुपिंड स्वतः जास्त इन्सुलिन काढायला लागतं, आणि इन्सुलिन हे वाढीचंही हार्मोन असल्यामुळं बाळ नको तेवढं जाड होतं, बाळंतपणात खांदा अडकतो, सिझर होतं, आणि नाळ कापल्या कापल्या आईकडची साखर बंद पण बाळाचं इन्सुलिन चालूच, त्यामुळं जन्मल्यावर पहिल्या काही तासांत बाळाची शुगर एकदम खाली. आणि हे काही क्वचित होणारं नाही, आंतरराष्ट्रीय मधुमेह फेडरेशनच्या २०२१ च्या अंदाजानं जगात जन्मणाऱ्या दर ६ मधल्या १ बाळाच्या आईला गरोदरपणात या ना त्या प्रकारे वाढलेली शुगर असते.

आता गोची बघा. टेस्ट पॉझिटिव्ह येते तेव्हा निम्म्याहून जास्त गरोदरपण संपलेलं असतं. हातात राहतात बारा-चौदा आठवडे. आधी टेस्ट केली तर नॉर्मल येते, उशिरा केली तर उशीर झालेला असतो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी आहे की, असं कुणीतरी म्हणेल. पण गरोदरपणात तांबड्या पेशी लवकर लवकर बदलतात आणि रक्त कमी असलं तर तो आकडा आणखीनच गंडतो, आणि आपल्या देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांचं रक्त कमी असतंय. तेव्हा पाहिजे काय, तर शुगर चढायच्या आधीच "ही बाई पुढं चढणार" असं सांगणारी रक्तातली एखादी खूण. अशा खुणेला बायोमार्कर म्हणतात. मायक्रोआरएनए तशी खूण होऊ शकेल का, एवढाच सगळा विषय.

मायक्रोआरएनए समजायला येळ्ळूरला एखाद्या मोठ्या लग्नाचा स्वयंपाक डोळ्यासमोर आणा. मुख्य आचाऱ्याची जाडजूड वही आतल्या खोलीत कुलपात असते, ती कुणी बाहेर काढत नाही, ती म्हणजे डीएनए. ज्या पदार्थाची गरज असेल त्याची नक्कल एका चिठ्ठीवर उतरवून बाहेर चुलीकडं पाठवतात, ही चिठ्ठी म्हणजे मेसेंजर आरएनए. चुलीवरचे लोक चिठ्ठी वाचतात आणि पदार्थ करतात, तो पदार्थ म्हणजे प्रोटीन, इन्सुलिन पण त्यातलंच एक. शाळेत इथपर्यंत शिकवलेलं. शाळेत जे नव्हतं ते असं की स्वयंपाकघराच्या दारात एक आत्या उभी असते. तिच्या हातात फक्त २२ अक्षरांचा एक कागदाचा तुकडा. येणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीचं शेपूट ती आपल्या तुकड्याशी लावून बघते आणि सात-आठ अक्षरं जरी जुळली तरी चिठ्ठी धरून ठेवते नाहीतर फाडून टाकते. "लाडू बास झाले, आता नकोत." हा २२ अक्षरांचा तुकडा म्हणजे मायक्रोआरएनए. तो स्वतः कुठलाही पदार्थ करत नाही, पण किती पदार्थ होणार ते त्याच्यावर ठरतं. आणि जुळवायला अक्षरं एवढी थोडी लागत असल्यामुळं एकच आत्या शेकडो वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लक्ष ठेवू शकते. माणसात अशा हजाराच्या वर आत्या आहेत. (लग्नघरात पण तेवढ्याच असतात म्हणा.)

हे पहिल्यांदा सापडलं ते एका मिलिमीटरभर लांबीच्या जंतात. १९९३ साली अमेरिकेत व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांनी ते दाखवलं, आणि लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही, जंताची भानगड असेल म्हणाले. सात वर्षांनी, २००० साली, रव्हकुनना दुसरा एक मायक्रोआरएनए सापडला, लेट-७ नावाचा, तो जंतापासून माणसापर्यंत सगळ्यांत तसाच्या तसा निघाला आणि मग सगळे खडबडून जागे झाले. २०२४ चं नोबेल दोघांना मिळालं ते ह्याच कामाला.

शुगरशी संबंध पण लवकरच लागला. मिर-३७५ नावाचा एक आहे, तो स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींमध्ये भरपूर असतो आणि इन्सुलिन बाहेर सोडण्यावर त्याचा लगाम चालतो, हे २००४ मध्येच दिसलेलं. मिर म्हणजे मायक्रोआरएनएचं लघुरूप, पुढचा आकडा म्हणजे हजेरीपटावरचा नंबर, दुसरं काही नाही.

बरं, हे सगळं पेशीच्या आतलं झालं. रक्ताच्या ट्यूबमध्ये ते कसं येणार? इथं मला पण पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता. आरएनए म्हणजे अतिशय नाजूक वस्तू, रक्तात त्याला कापून टाकणारी एन्झाइम फिरत असतात, उघडा आरएनए घटकाभर टिकत नाही. पण २००८ च्या आसपास लक्षात आलं की मायक्रोआरएनए रक्तात चांगले टिकतात, कारण ते उघडे फिरतच नाहीत. काही पेशींनी सोडलेल्या बारीक बारीक पिशव्यांत बसून फिरतात, त्यांना एक्सोसोम म्हणतात, आणि काही प्रोटीनला चिकटून. त्याच वर्षी गरोदर बायकांच्या रक्तात वारेतून आलेले मायक्रोआरएनए पण सापडले, आणि बाळंतपण झालं की ते लगेच उतरतात हेही दिसलं. म्हणजे वार आत बसून जे करतेय त्याची खबर आईच्या दंडातल्या शिरेतून काढता येते. सुई पोटाला लावायची गरज नाही. गरोदर बायकांच्या रक्तातल्या ह्या पिशव्या काढून उंदरांना टोचल्या तर उंदरांचा साखरेचा हिशोब बदलतो असंही प्रयोगांत दिसलंय, म्हणजे त्या नुसत्या कचरा नसाव्यात, निरोप असावेत.

आता काकूच्या वाक्याकडं येते. वारेत मायक्रोआरएनएचा एक मोठा जथ्था आहे, १९ नंबरच्या क्रोमोसोमवर ओळीनं बसलेली ४६ च्या आसपास जीन्स, माणूस आणि माकडं सोडली तर दुसऱ्या प्राण्यांत नाहीतच. आणि ह्या जथ्थ्याची फक्त बापाकडून आलेली कॉपी चालू असते, आईकडून आलेली गप्प. म्हणजे वहिनीच्या रक्तात वारेचे जे निरोप फिरत होते त्यातले कितीतरी आमच्या दादाच्या कॉपीतून निघालेले, आमच्याच घराण्याच्या अक्षरात. त्यामुळं शुगर झाली असं कुणी सिद्ध केलेलं नाही, तसं मी म्हणत नाही, पण वार अर्धी सासरची असते एवढं तरी माहेरच्या नावानं बोटं मोडायच्या आधी ध्यानात घ्यायला काय हरकत आहे.

मग गरोदरपणातल्या शुगरसाठी खरंच काय सापडलंय? पहिला गाजलेला अभ्यास २०११ चा, चीनमधला. १६ ते १९ आठवड्यांच्या बायकांचं रक्त साठवून ठेवलं, नंतर कुणाला शुगर झाली ते बघितलं, आणि मागं जाऊन जुनं रक्त तपासलं. ज्यांना पुढं शुगर झाली त्यांच्यात मिर-१३२, मिर-२९ए आणि मिर-२२२ हे तीन आधीपासूनच कमी होते. बघा, शुगर चढायच्या पाच-सहा आठवडे आधी! मशिन कुठलं, तर आरटी-पीसीआर, कोविडात ज्याचं नाव पोराटोरांना पाठ झालं तेच. २०१५ मध्ये चीनमध्येच दुसऱ्या एका टीमला त्याच आठवड्यांत वेगळेच पाच सापडले, मिर-१६, १७, १९ए, १९बी आणि २०ए, आणि हे कमी नाही तर जास्त. २०१९ मध्ये आणखी एका टीमनं पहिल्या तिमाहीतच मिर-२२३ आणि मिर-२३ए वाढलेले दाखवले. मी हे वाचत गेले तेव्हा पहिल्यांदा आनंद झाला, दुसऱ्यांदा शंका आली, आणि तिसऱ्यांदा सरळ हसायला आलं, कारण प्रत्येक टीमची यादी वेगळी. आणि २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बघितलं तर चीनमध्ये वाढलेला तो मिर-२०ए शुगरवाल्या बायकांमध्ये उलट कमी!

एकच खूण, एकीकडं वर एकीकडं खाली. मग विश्वास कशावर ठेवायचा?

इथं माझं ट्यूबचं ज्ञान कामाला येतंय. आमच्या लॅबमध्ये रोजचा शब्द आहे, हिमोलाइज्ड. शीर सापडत नाही म्हणून सुई दोन-तीनदा फिरवली, सिरिंज जोरात ओढली, ट्यूब खडाखडा हलवली, किंवा खेडेगावच्या कलेक्शन सेंटरवरून दुचाकीवर थरथरत आणली, की तांबड्या पेशी फुटतात आणि वरचं पाणी, जे पिवळसर पाहिजे, ते गुलाबी दिसतं. अशा सॅम्पलवर पोटॅशियम उगाच वाढून येतं हे प्रत्येक टेक्निशियनला माहीत असतं. आता मायक्रोआरएनएमध्ये मजा अशी की तांबड्या पेशींच्या पोटात जे मायक्रोआरएनए ठासून भरलेले असतात त्यात मिर-१६ आणि मिर-४५१ सगळ्यात पुढं. म्हणजे पेशी फुटल्या की ट्यूबमध्ये मिर-१६ वाढणार, बाईला शुगर असो नसो. आणि डोळ्याला गुलाबी दिसायला लागायच्या आधीच हा घोळ सुरू झालेला असतो. चीनवाल्यांनी चूक केली असं मी म्हणत नाही, त्यांनी काळजी घेतली असेल, पण जो मिर-१६ शुगरची खूण म्हणून मिरवतो तोच वाईट सुईची पण खूण आहे, हे ठाऊक असलेलं बरं. म्हणून हल्ली चांगले अभ्यास आधी मिर-४५१ आणि मिर-२३ए यांचं प्रमाण काढून बघतात, पेशी फुटल्यात का ते कळायला. नीट वाचलं असेल तर लक्षात आलं असेल की हा मिर-२३ए वर शुगरच्या खुणेत पण येऊन गेला. चोर आणि पोलीस एकाच घरात.

साध्या शुगरच्या सॅम्पलमध्ये पण वेळेचा खेळ असतो पण तो उलट्या बाजूनं. रक्तातल्या पेशी जिवंत असतात, ट्यूबमध्ये बसल्या बसल्या साखर खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के सहज कमी होते. म्हणून करड्या टोपणाची फ्लोराइडची ट्यूब, म्हणजे त्यांचं खाणं हळूहळू बंद होतं. खानापूरहून साध्या ट्यूबमध्ये रक्त तीन तासांनी आलं तर १५० ची शुगर १२५ दिसेल आणि एक बाई "नॉर्मल" होऊन घरी जाईल. हे कित्येक वर्षं वापरात असलेल्या टेस्टचं. मायक्रोआरएनएचं काय, तर अजून ट्यूब कुठली, सिरम (गोठलेल्या रक्तावरचं पाणी) घ्यायचं की प्लाझ्मा (न गोठू दिलेल्या रक्तावरचं), पेशी खाली बसवायला ट्यूब मशिनमध्ये किती वेळात फिरवायची, ह्याच्यावरच लोक एकमताचे नाहीत. हिरव्या टोपणाची हेपॅरिनवाली ट्यूब तर चालतच नाही, हेपॅरिन पीसीआरलाच अडवतं. त्यातून आणखी एक मोठी भानगड म्हणजे तुलना कशाशी करायची. शुगर सरळ मिलिग्रॅममध्ये येते. मायक्रोआरएनए बहुतेक वेळा "अमक्याच्या मानानं इतका जास्त" असा मोजतात, आणि तो अमका कोण ते प्रत्येकानं आपापलं ठरवलंय. काहींनी चक्क मिर-१६ लाच माप धरलंय! किलोचं वजन प्रत्येक दुकानात वेगळं असलं तर शनिवार खुटावरचा बाजार कसा चालेल सांगा.

बाकी फरक पण असतातच, आईचं वजन, कितवा आठवडा, कुठल्या देशातली बाई. आपल्या बायकांचं तर वेगळंच प्रकरण, वरून सडपातळ आणि आतून चरबी जास्त, पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी ज्याला थिन-फॅट म्हटलं ते. आमची वहिनी बघाल तर काटकुळी, तिला कुणी शुगरचा धोका आहे असं म्हटलंच नसतं. चीनमधल्या किंवा युरोपातल्या बायकांवर बसवलेला कट-ऑफ तिला लागू पडेलच असं नाही.

आणि एक गोष्ट वाचून तर मी थांबलेच. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात काही मायक्रोआरएनएचा शुगरशी संबंध दिसला तो मुलगा पोटात असलेल्या बायकांमध्ये, मुलगी असलेल्यांमध्ये नाही. वारेत बाळाचेच जीन्स असतात त्यामुळं हे अशक्य नाही. पण विचार करा, उद्या अशी टेस्ट आली की जिचा रिपोर्ट वाचायला पोटात मुलगा की मुलगी हे माहीत असावं लागतं, तर ती आपल्या देशात करायची कशी? १९९४ चा कायदा आहे, गर्भाचं लिंग सांगणं गुन्हा, आमच्या लॅबच्या भिंतीवर कन्नड आणि इंग्रजीत तसा बोर्ड लावलाय. तिकडच्या संशोधकांना हा प्रश्न बहुधा सुचणारच नाही.

आता संख्या. ह्यातल्या बऱ्याच अभ्यासांत शुगरवाल्या बायका किती, तर दहा-वीस-चाळीस. खूण शोधायला सुरुवात म्हणून ठीक आहे, पण त्यावर कुणाला गोळी द्यायची ठरवता येत नाही. पुरेशी संख्या म्हणजे काय ते बघायला आपल्याला लांब जायला नको. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला मिसोप्रोस्टॉलची गोळी खेड्यात, डॉक्टर नसताना, नर्सबाईनं दिली तर चालते का, ह्याचा मोठा अभ्यास आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गावांमध्ये झालेला, इथल्याच जेएनएमसी मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या लोकांबरोबर केला आणि २००६ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला. १६२० बायका. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर. पुढं २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ती गोळी ह्या कामासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. एवढं सगळं करून मग कुठं एक गोळी नर्सबाईच्या पिशवीत गेली. मायक्रोआरएनएला अजून तो रस्ता चालायचाय, आणि माझं मत विचाराल तर आपल्यासारख्या जिल्ह्यात, भर पावसात, दुचाकीवरून येणाऱ्या सॅम्पलवर तो टिकला तरच तो उपयोगाचा. वातानुकूलित लॅबमध्ये सगळंच टिकतं.

समजा टिकला. समजा तिसऱ्या महिन्यात सांगता आलं की वहिनीला शुगर होणार. मग करायचं काय? २०२३ मध्ये ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, स्वीडन आणि भारतातल्या हॉस्पिटलांत मिळून केलेल्या एका चाचणीचा निकाल आला, चाचणी २० आठवड्यांच्या आत शुगर सापडलेल्या ८०० च्या आसपास बायकांवर, अर्ध्यांना लगेच उपचार, अर्ध्यांना थांबून परत टेस्ट. लगेच उपचार केलेल्यांत बाळांना त्रास थोडा कमी झाला, १०० मध्ये ३० ऐवजी २५. फायदा आहे, पण फार मोठा नाही, आणि त्या बायकांची शुगर आधीच वाढलेली होती. जिची शुगर नॉर्मल आहे आणि फक्त आत्याबाईंच्या कागदावरून "होणार" म्हणून सांगितलंय, तिला तुम्ही काय देणार? जेवण सांभाळ, चाल. ते तर सगळ्यांनाच सांगता येतंय. वर सहा महिने तिच्या डोक्याला घोर, आणि सासूच्या हातात पुरावा.

तरी मला वाटतं हे काम व्हावं. कारण जिथं पाच नर्सबाया आणि दोनशे गरोदर बायका आहेत तिथं कुणाच्या घरी आधी जायचं हे कळलं तरी खूप झालं. फक्त आज कुणी "एका थेंबात मायक्रोआरएनए, गरोदरपणाची सगळी माहिती" असलं पॅकेज व्हॉट्सॲपवर पाठवलं तर पैसे देऊ नका आणि त्याच्या भरवशावर ग्लुकोजचं पाणी चुकवू नका. ते पाणी गोड मिट्ट आहे, मळमळतं, मान्य, अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत प्यावं लागतं हेही मान्य, पण त्या आकड्यावर पुढं काय करायचं हे गावातल्या नर्सबाईपासून सगळ्यांना माहीत आहे. उपाशी यायची पण गरज नाही, ही पद्धत चेन्नईच्या डॉ. शेषय्यांनी मांडली ती जेवून आलेल्या बाईवर पण चालावी म्हणूनच, कारण तीन गाड्या बदलून आलेल्या बाईला उपाशी बसवणं किंवा उद्या परत बोलावणं म्हणजे ती परत न येणं.

वहिनीचं काय झालं ते राहिलंच. तिचा खरा शत्रू भात. खानापूर तालुक्यात सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात, आणि गरोदर म्हणून वर तूप. डॉक्टरनी दोन आठवडे फक्त जेवणावर ठेवलं, जेवल्यावर दोन तासांनी १२० च्या आत यायला पाहिजे म्हणाले. भात वाटीभर, त्याच्या आधी भाकरी आणि उसळ, जेवलं की अंगणात अर्धा तास फेऱ्या. काकूचं चालूच, "भात न्हाई खाल्लीस तर बाळ वाळंल गे." दोन आठवड्यांनी आला ११४. इन्सुलिन लागलं नाही. मुलगी झाली, तीन किलोला थोडी वर, खांदाबिंदा काही अडकलं नाही.

आणि मग ती गायब. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी हेच पाणी पिऊन परत टेस्ट करायची असते, कारण वार गेली की शुगर उतरते खरी पण जिला गरोदरपणात झाली तिला पुढं कायमची शुगर होण्याचा धोका इतर बायकांच्या मानानं जवळजवळ दहापट, असं २०२० मधल्या मोठ्या आढाव्यात निघालंय. ह्यातल्या नेमक्या कुणाला होणार ते सांगायला पण मायक्रोआरएनए शोधतायत, आणि मला विचाराल तर ती जास्त कामाची जागा, कारण तिथं हातात आठवडे नाही तर वर्षं असतात. पण टेस्टला बाई आली पाहिजे ना आधी. वहिनी सहा आठवड्यांनी आली नाही, सव्वा महिना झाला, मग बारसं, मग भाताची सुगी, मी चार फोन केल्यावर तिसऱ्या महिन्यात आली, बाळ आणि काकू दोघांना घेऊन. पाणी प्यायली, दोन तास बसली. १२८. सुटलो म्हणाली.

काकू बाळाला मांडीवर घेऊन बाकावर बसलेली, मी म्हटलं आलाच आहात तर तुमचंही बघू की, बोटाला टोचते नुसतं, दुखत नाही. नको नको म्हणत बोट पुढं केलं. ग्लुकोमीटरवर २१२.

वहिनीनं माझ्याकडं बघितलं, मी मशिनकडं. काकू म्हणाली, "येताना कुंदा खाल्लता की गे, त्याचंच असणार."